सुतकातला सज्जा

आमच्याकडे नाटकांचा हंगाम नोव्हेंबरात सुरू होतो. मेलेल्यांचा सण झाला, कबरींवरची फुलं सुकली, की थिएटरची दारं उघडतात. त्या वर्षी पहिल्या रविवारी लोक येऊन बसले, कोट काढून मांडीवर घेतले, सवयीनं वर पाहिलं, आणि मग एकेक करत सगळ्यांच्या माना तिसऱ्या मजल्याच्या डाव्या टोकाकडे वळल्या. वेलिया पेत्तिनारीच्या सज्ज्याचा पडदा ओढलेला होता.

"हिचं कोण गेलं?" बेकरीवाली अदाल्जीझा माझ्या कानाशी म्हणाली.

"हिचं कोण उरलंय जायला?" मी म्हणाले.

ते खरंच होतं. वेलियाचे वडील क्विंतो गेले, त्यांच्यामागून आई गेली. एक भाऊ आर्जेंटिनात होता; पण त्याच्याविषयी तसं काही पत्र आलं असतं, तर पोस्टमननं ते वेलियाच्या आधी बेकरीत सांगितलं असतं. लग्न तिनं केलंच नव्हतं. मग हे सुतक कुणाचं?

रोक्कासेल्वातल्या या थिएटरला हट्टी मंडळींचं थिएटर म्हणतात. डोंगरावरच्या एवढ्याशा गावाला थिएटर कशाला, असं बाहेरच्यांनी म्हटलं, म्हणून गावातल्या काही घरांनी ते बांधून दाखवलं. कुणी पैसा दिला, कुणी ओकची लाकडं, कुणी नुसत्या आपल्या बैलगाड्या. ज्या घरानं दिलं त्या घराला एक सज्जा मिळाला, कायमचा, द्राक्षाच्या मळ्यासारखा बापाकडून पोराकडे जाणारा. आणि तेव्हापासूनची रीत अशी, की सज्जेवाल्या घरात कुणी वारलं तर सज्ज्याचा लाल पडदा वर्षभर ओढून ठेवायचा. घरच्यांना यायचं असेल तर त्यांनी यावं, पडद्यामागे बसावं आणि ऐकावं. डोळ्यांना सुतक असतं, कानांना नसतं, असं जुनी माणसं म्हणत. आमच्या गावात माणूस किती मोठा होता हे चर्चमधल्या गर्दीवरून नाही, त्या बंद पडद्यावरून कळतं. पडदा ओढलेला असेपर्यंत नट त्या सज्ज्याकडे पाहून लवत नाहीत आणि शेजारचे सज्जे मोठ्यानं बोलत नाहीत.

ज्यांना सज्जा नाही ते अगदी वर, छताखालच्या बाकांवर बसतात. तिथे पडदा नसतो.

पहिला अंक संपता संपता अदाल्जीझाच्या डोक्यात प्रकाश पडला. तिनं माझा दंड इतक्या जोरात धरला की दुसऱ्या दिवशी तिथे निळं झालं.

"रेमिजिओ! बाई, सप्टेंबरात तिकडे रोममध्ये रेमिजिओ वेर्दुच्ची नाही का वारला? ही त्याचं सुतक धरून बसलीये!"

एव्हाना पुढच्या तीन रांगांनी हे ऐकलं होतं.

रेमिजिओ आमच्या गावचा. त्याची नाटकं व्हिएन्नाला झाली, ब्यूनोस आयरेसला झाली, त्याच्यावर प्रबंध लिहिले गेले. पण इथली म्हातारी माणसं अजून त्याला 'अस्सुंता धोबिणीचा' म्हणूनच ओळखतात. आई पाद्र्यांचे झगे धुवायची. बाप लहानपणीच गेला होता. रेमिजिओ शिकला, जमिनीच्या नोंदी ठेवणाऱ्या कचेरीत कारकून झाला आणि रविवारी आईला घेऊन छताखालच्या बाकांवर नाटकाला येऊ लागला. त्याला एक खोड होती. नट अडखळला की पुढचं वाक्य हा वरून सांगायचा. नाटक नवं असलं तरी सांगायचा. आपल्या मनानं. कधी कधी ते मूळ वाक्यापेक्षा बरं असायचं आणि लोक टाळ्या द्यायचे, आणि मग मुख्य नट फुरंगटून आत जायचा. शेवटी व्यवस्थापकांनी त्याला हाकललं.

बाहेर पायरीवर तो उभा होता तेव्हा क्विंतो पेत्तिनारी तिथे पाइप ओढत होते. त्यांच्या आजोबांनी थिएटरसाठी गाडीनं वाळू वाहिली होती, आणि वाळूवाल्याला मिळेल तसाच सज्जा त्यांना मिळाला होता: रंगमंचाला अगदी चिकटलेला. तिथून रंगमंचाची फक्त एक पट्टी दिसते. समोरची विंग मात्र तळहातासारखी दिसते.

"आमच्यात येऊन बस," क्विंतो त्याला म्हणाले. "तिथून काही दिसतच नाही, तर बोलशील काय?"

रेमिजिओ जाऊन बसला, आणि त्यानंतर तो दुसरीकडे कुठे बसलाच नाही. त्याला नाटकाची पट्टी दिसे, पण विंगेत उभी असलेली माणसं पूर्ण दिसत: कोणी छातीवर क्रूस काढतंय, कोणी पट्टा आवळतंय, कोणी राजा व्हायच्या आधी नाक शिंकरतोय. त्याची सगळी नाटकं तिथून आली, असं मला वाटतं. त्याच्या नाटकांत जो अजून आत आलेला नाही त्याच्याबद्दलच सगळे बोलत असतात. रोमच्या प्राध्यापकांनी त्यावर बरंच लिहिलं आहे, आणि चांगलं लिहिलं आहे.

वेलिया तेव्हा विशीतली. ती घरी बसून बुटांचं वरचं चामडं शिवायची. आमच्या भागात निम्म्या बायका तेच करतात. काम वेळेत द्यायचं असल्यानं ती सज्ज्यातही चामडं घेऊन यायची. अंधारात शिवायची तिला सवय होती. हात मोठे, आवाज त्याहून मोठा. ती कुजबुजली तर तीन सज्जे सोडून ऐकू जायचं. रेमिजिओचं पहिलं नाटक झालं तेव्हा तो रंगमंचाकडे बघतच नव्हता, वेलियाच्या हातांकडे बघत होता. प्रवेश रंगला की तिचे हात थांबायचे. प्रवेश लांबला की सुई पुन्हा चालू व्हायची. सुई चालू झाली की हा शर्टाच्या कफवर पेन्सिलीनं खूण करायचा आणि दुसऱ्या दिवशी तेवढा भाग कापून टाकायचा. पुढे रोमला गेला, लग्न केलं, पण प्रत्येक नाटकाचा पहिला प्रयोग त्यानं हट्टानं इथेच लावला, आणि तो त्या सज्ज्यातच बसला. क्विंतो गेल्यावरही बसला. मग ते दोघंच असत, मध्ये गरम तळलेल्या ऑलिव्हांची कागदी पुडी.

त्यामुळे पडदा ओढलेला दिसल्यावर गाव गप्प बसणार नव्हतंच.

"इतकी वर्षं अंधारात बसून नुसतं नाटक बघत होते म्हणे!"

"अरे, तिथून अर्धंच दिसतं. उरलेला अर्धा वेळ काय करायचे?"

"ऑलिव्ह खायचे."

"हो, आणि बिया कुठे टाकायचे?"

"उघड्या सज्ज्यात सगळ्यांदेखत दोघांनी म्हातारं होणं वेगळं आणि बायको जिवंत असताना त्याचं सुतक धरणं वेगळं," अदाल्जीझा ब्रेड मोजता मोजता म्हणाली. ती वाईट बाई नव्हती. तिला फक्त गोष्टीला टोक असलेलं आवडायचं.

हे सगळं बोलणं गावातल्या गावात विरून गेलं असतं. पण थिएटर चालवणाऱ्या मंडळाचे अध्यक्ष नोटरी बार्तोलाच्ची यांनी कार्निव्हलच्या आधीच्या रविवारी रेमिजिओच्या स्मृतीसाठी त्याच्या तिसऱ्या नाटकाचा प्रयोग ठरवला होता. रोमहून त्याची पत्नी इसोत्ता, एके काळची नटी, येणार होती, मंत्रालयाचा कुणीतरी येणार होता. बेत असा होता की वेलियाचा सज्जा उघडा ठेवायचा, त्यात दिवे लावायचे, रिकाम्या खुर्चीवर फुलांचं चक्र ठेवायचं, आणि खाली संगमरवरी पाटी: इथे बसून त्यांनी लिहिलं. बार्तोलाच्ची चांगला माणूस होता, स्वच्छ, वेळेवर येणारा, मिशीला रोज कात्री लावणारा. रेमिजिओच्या नावानं गावाचं काही भलं व्हावं असं त्याला मनापासून वाटत होतं. त्यानं वेलियाला विचारलं. ती नाही म्हणाली. त्यानं पुन्हा विचारलं. तिनं दार लावून घेतलं.

मग तो माझ्याकडे आला.

"बाई, तुम्ही तिच्या शेजारी राहता. सांगा तिला. मंडळाचा नियम स्पष्ट आहे: पडदा रक्ताच्या किंवा लग्नाच्या नात्यासाठी. ती त्यांची कुणी नाही. मला मतदान घ्यायचं नाहीये, उगीच चारचौघांत तिची शोभा होईल. पण इसोत्ताबाई आल्यावर मी त्यांनाच विचारणार. त्या उघडा म्हणाल्या तर उघडावाच लागेल."

मी गेले. वेलिया खिडकीपाशी शिवणयंत्रावर बसली होती. घरभर गोंदाचा वास. मला बघून ती उठली, कॉफी ठेवली आणि न विचारता तिच्यात बडीशेपेची दारू ओतली.

"नोटरीनं पाठवलं?"

"हो."

"स्वतः का नाही आला?"

"त्याला वाटतं तू माझं ऐकशील."

"मी शाळेत असताना कुणाचं ऐकलं नाही, बाई. आणि तेव्हा तर छड्या होत्या."

मी नियम सांगितला. ती ऐकत होती. तिच्या तोंडावर राग नव्हता, फक्त माणूस दुखरा दात जिभेनं चाचपतो तसं काहीतरी होतं.

"वेलिया, मी सरळ विचारते. तुमच्यात काही होतं का?"

"माझ्याकडून एक हिवाळाभर होतं," ती म्हणाली. "त्याला कळलंही नाही. मग इसोत्ता आली आणि माझंही संपलं. बाई, एका हिवाळ्याचं सुतक म्हातारपणी कोण धरतं?"

"मग कशाला हे?"

तिनं कपाची कड अंगठ्यानं पुसली.

"अस्सुंता गेली तेव्हाची गोष्ट. तोपर्यंत त्याचं पहिलं नाटक झालं होतं, पेपरात नाव आलं होतं. रविवारी आम्ही सज्ज्यात त्याची वाट बघत होतो, तो आला नाही. बघते तर तो वर, छताखाली, जुन्या जागेवर. शेजारी आईच्या जागेवर त्यानं आपली टोपी ठेवली होती. पहिल्या अंकात एक माणूस उशिरा आला, टोपी उचलून त्याच्या हातात दिली आणि बसला. त्याची तरी काय चूक? जागा रिकामी होती. रेमिजिओ टोपी मांडीवर घेऊन शेवटपर्यंत बसला. नंतर जिन्यात भेटला तेव्हा मला म्हणाला, 'वेलिया, तुमचं माणूस गेलं तर तुम्ही पडदा ओढता. मी काय ओढू?'"

यंत्राखाली मांजर होतं, ते उठून दुसरीकडे गेलं.

"माझे वडील म्हणाले, आमचा ओढू का? तो म्हणाला, नको क्विंतोकाका, ती तुमची कुणी नव्हती, लोक हसतील. आम्ही तेव्हा ऐकलं त्याचं. आता तो नको म्हणायला नाहीये." तिनं माझ्याकडे पाहिलं. "त्याचं इथं घर विकलं गेलं, आई गेली, चुलतं-मावसं कुणी नाही. नाटक करतील, पाटी लावतील, भाषणं करतील, सगळं करतील. पण या गावात एकही पडदा ओढला नाही, तर तो वरच्या बाकावरचाच राहिला की नाही? कुणीतरी टोपी उचलून बसेल. उघडा सज्जा, दिवे, फुलं, छानच दिसेल ते. पण ते सुतक नाही, बाई. ती आरास झाली."

"आणि इसोत्ताबाई उघडा म्हणाल्या तर?"

"तर उघडीन," ती म्हणाली. "तिचा हक्क मोठा. पण तिनं माझ्या तोंडावर म्हणायला पाहिजे. नोटरीच्या तोंडून नको."

मी परत जाऊन बार्तोलाच्चीला एवढंच सांगितलं की ती इसोत्ताबाईंशी स्वतः बोलणार आहे. त्यानं सुटकेचा श्वास सोडला. त्याला वाटलं काम झालं.

त्या रविवारी दुपारी धुकं इतकं उतरलं होतं की चौकातलं कारंजं दिसत नव्हतं. रोमहून गाडी आली. इसोत्ता उतरली: उंच, आता पुष्कळ जाड झालेली, अंगभर काळं, हातात काठी, आणि अजून असा आवाज की पायरीवरची कबुतरं उडाली. बार्तोलाच्ची पुढे झाला. फुलं दिली, थोडं बोलला, आणि मग सज्ज्याचा विषय काढला. त्यानं तो फार जपून काढला, पण जपून काढलेला विषयही शेवटी निघतोच.

"म्हणजे," इसोत्ता म्हणाली, "माझ्या नवऱ्याचं सुतक इथं कुणी दुसरीच बाई धरून बसलीये?"

"तसं नाही, म्हणजे, गैरसमज आहे. आपण एक शब्द टाकलात की पाच मिनिटांत दिवे लागतील."

"शब्द मी नंतर टाकीन. आधी मला ती बाई दाखवा."

बार्तोलाच्चीनं माझ्याकडे पाहिलं. मी तिला जिन्यानं वर घेऊन निघाले. पहिल्या मजल्यावर ती थांबली, दुसऱ्यावर थांबली.

"या गावात सगळं वरच का असतं हो?"

"सवय होते," मी म्हटलं.

"रेमिजिओ रोमला चौथ्या मजल्यावर घर घ्यायचं म्हणत होता. मी म्हटलं, मी काय शेळी आहे? खरं सांगा, ही कशी आहे? देखणी होती?"

"हात मोठे आहेत."

ती माझ्याकडे बघत राहिली, मग पुन्हा जिना चढू लागली.

सज्ज्याचं दार उघडंच होतं. आत जेमतेम दोन खुर्च्या, एक तिवई आणि पडद्याच्या फटीतून येणारी लालसर उजेडाची रेघ. वेलिया उभी होती. तिनं राखाडी पोशाख घातला होता, चांगला, इस्त्रीचा. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. खाली वाद्यं लावणं चाललं होतं.

"तुम्ही काळं नाही घातलं," इसोत्ता म्हणाली.

"काळं बायकोचं. माझा फक्त पडदा."

"आणि तो कुणाला विचारून ओढलात?"

"कुणालाच नाही. तुम्हाला विचारायला पाहिजे होतं. तुमचा पत्ता होता माझ्याकडे, पण लिहायला बसले की वाक्य वाईट दिसायचं."

"पेपरवाला मला फोन करून विचारतो, त्या गावात त्यांची कुणी खास मैत्रीण होती का! मी घरात माणसांना कॉफी देतेय आणि हा विचारतोय! मी काय सांगायचं? मला तुमचं नावसुद्धा नीट माहीत नव्हतं. तो नुसतं म्हणायचा, 'सज्ज्यात नाटक बघून आलो.' मला वाटायचं सज्जा म्हणजे सज्जा. त्यात बाई आहे हे मला कुठे माहीत!"

"बाई होती, पण चामडं शिवत होती."

"हे बघा, मला हसवू नका. मी चिडलेली आहे."

"चिडा. तुमचा हक्क आहे. आणि उघडा म्हणालात तर आत्ता उघडते, दोरी इथंच आहे." वेलियानं खरंच दोरीवर हात ठेवला. "पण त्याआधी एक सांगू का? तो तुमच्या प्रेमात पडला तेव्हा मी याच खुर्चीत होते."

इसोत्तानं काठी भिंतीला टेकवली.

"ते सगळ्या जगाला माहीत आहे. त्याचं हेच नाटक, त्यातली राणी मी, माझं दुसऱ्या अंकातलं स्वगत. माझा आवाज ऐकला आणि त्याला हरवल्यासारखं झालं. त्यानं स्वतः छापून आणलंय हे."

"छापलं असेल. पण तुम्ही तोंड उघडण्याआधीच पडला होता तो."

"काय म्हणता?"

"इथून समोरची विंग दिसते. आग लागली तर विझवायला तिथे जो माणूस उभा असतो, त्याच्या वाळूच्या बादलीवर तुम्ही बसला होतात. एक बूट काढलेला. पाय चोळत होतात आणि रडत होतात. बूट घट्ट होता बहुतेक."

इसोत्तानं खाली आपल्या बुटांकडे पाहिलं.

"मग तुम्ही आत जायचं ते वाक्य आलं. तुम्ही बूट कोंबला, उठलात, आणि आगवाला शेजारी उभा होता ना, त्याच्या बाहीला नाक पुसलंत. चांगलं दोनदा. आणि राणीसारख्या आत गेलात. रेमिजिओनं माझ्या दंडावर हात ठेवला आणि म्हणाला, 'ही.' एवढंच. 'ही.' मग तुम्ही बोलायला लागलात. स्वगत त्यानं ऐकलंच नाही, मला माहीत आहे, कारण नंतर मला विचारत होता, मी लिहिलेलं तिनं सगळं म्हटलं का?"

मला वाटलं आता ती काठी उचलेल. पण इसोत्ताचा चेहरा आधी ताणला गेला, मग गालापासून सैल होत आला, आणि ती धपकन खुर्चीत बसली.

"आगवाल्याची बाही," ती म्हणाली. "देवा रे. तो बिचारा हललासुद्धा नाही. लाकडासारखा उभा." तिनं रुमाल काढला. "चाळीस वर्षं तो माझ्या आवाजाबद्दल बोलला. मी म्हातारपणी घसा बसला तर रडायचे, की आता याचं माझ्यावरचं प्रेम जाणार. आणि हा, हा लबाड..."

"त्याला लाज वाटली असेल, सांगायची."

"कशाची लाज?"

"तुमच्या नाकाची."

इसोत्ता हसली की रडली ते मला अंधारात कळलं नाही. मग तिनं विचारलं, "पण पडदा का ओढलात?"

वेलियानं तिला टोपीची गोष्ट सांगितली. मला सांगितली होती त्याहून कमी शब्दांत. इसोत्ता मधे एकदाच बोलली, "हे त्यानं मला सांगितलं नाही." आणि थोड्या वेळानं, "आईबद्दल तो बोलायचाच नाही. मला वाटायचं मी धोबिणीच्या मुलाशी लग्न केलं म्हणून माझ्या घरच्यांसमोर त्याला संकोच होतो."

दारावर टकटक झाली. बार्तोलाच्चीनं मिशीसकट डोकं आत घातलं.

"इसोत्ताबाई, मंत्रालयाचे गृहस्थ बसलेत. दिव्यांचं काय करायचं?"

"कसले दिवे? सुतकात दिवे लावतात का तुमच्याकडे?" ती म्हणाली. "दार ओढून घ्या, वारा येतोय."

दार ओढलं गेलं. वेलिया दोरीवरचा हात काढून हळूच बसली. मी निघाले, तर ती म्हणाली, "बाई, तिवईवर बसा. जागा लहान आहे. दोघी भांडलो तर मध्ये कुणी हवं."

मी पडद्यामागे बसून कधी नाटक ऐकलं नव्हतं. आमच्या घराला सज्जा नाही. पडद्यामागे नाटक फार जवळ येतं. पावलं, श्वास, कपड्यांची सळसळ. पहिला अंक तिघी गप्प बसलो. वेलियाकडे चामडं नव्हतं, तिचे हात मांडीवर पालथे पडलेले होते. दुसऱ्या अंकात ते वाक्य आलं ज्याच्यावर राणी आत येते, आणि रंगमंचावर क्षणभर शांतता झाली.

"आत्ता पुसतेय," इसोत्ता पुटपुटली.

वेलियानं ओठ दाबले. मग तिनं विचारलं, म्हणजे तिच्या हिशेबानं कुजबुजून विचारलं, "आगवाला आहे का पण?"

ते अख्ख्या थिएटरला ऐकू गेलं. आणि दोघींचा बांध फुटला. आधी इसोत्ताचं नाकातलं हसू, मग वेलियाचं पोटातून आलेलं, मोठं, दडपता न येणारं. सुतकाच्या पडद्यामागून हसण्याचा आवाज आमच्या गावानं कधी ऐकला नव्हता. खाली खुर्च्या करकरल्या, कुणीतरी "शूऽ" केलं, कुणीतरी "काय हे!" म्हणालं, आणि रंगमंचावरची बिचारी राणी वाक्य विसरली. मग छताखालच्या बाकांवरून कुणी म्हातारा मोठ्यानं पुढचं वाक्य म्हणाला. बरोबर म्हणाला. नाटक पुढे गेलं. पडद्यामागे त्या दोघी एकमेकींचे हात धरून डोळे पुसत होत्या, आणि पुढे स्वगत आलं तेव्हा कुणीच हसत नव्हतं.

नाटक संपल्यावर नट शिरस्त्याप्रमाणे सगळ्या सज्ज्यांकडे पाहून लवले आणि आमचा वगळला. म्हणजे त्यांनी सुतक मानलं होतं. वेलियानं ते फटीतून पाहिलं आणि खोल श्वास सोडला.

खाली दालनात बार्तोलाच्ची वाट बघत होता. त्याच्या मागे अदाल्जीझा, आणि अदाल्जीझाच्या मागे निम्मं गाव. वेलिया अजून वर दार लावत होती.

"इसोत्ताबाई," तो म्हणाला, "पाटी आम्ही खाली जिन्याशी लावू, तो प्रश्न नाही. पण पडदा... नियम असा आहे की रक्ताचं किंवा लग्नाचं नातं लागतं. मी मंडळाला काय सांगू?"

इसोत्तानं काठीवर दोन्ही हात ठेवले.

"सांगा, त्याच्या बायकोनं ओढलाय. रोमहून इतक्या वेळा येणं मला झेपत नाही, म्हणून इथला भाग मी या वेलियाबाईंवर सोपवलाय." मग अदाल्जीझाकडे, आणि तिच्या मागच्या सगळ्यांकडे बघत, जिन्यापर्यंत पोचेल अशा आवाजात ती म्हणाली, "एवढा जड माणूस. एकटीनं किती उचलायचा?"